बाळाला पाणी नको, ते बाळंतिणीला द्या

प्रश्न : ताई, मी देवगडजवळ सासरी असते, बाळ अडीच महिन्यांचं आहे, फक्त अंगावरच पाजते. पण एप्रिलचा उकाडा असा की सासूबाई रोज म्हणतात, "पोराचो घसो सुकता गो, चमचाभर पाणी दी." गुटीत मध पण घाल म्हणतात. त्यात हल्ली छाती पहिल्यासारखी भरून येत नाही, संध्याकाळी बाळ सारखं किरकिरतं, म्हणजे दूध कमी झालं का? शेजारच्या काकी दूध वाढायला मोरी मासा खा सांगतात, खाऊ का?

उत्तर : सासूबाईंची काळजी खोटी नाही, या घामाच्या चिकचिकीत आपलाच जीव कासावीस होतो तर एवढ्याशा पोराचं काय, असं कुणालाही वाटेल. पण आईच्या दुधात शंभरातले जवळपास ८८ भाग पाणीच असतं, बाळाला तहान लागली की ते जास्त वेळा प्यायला मागतं, आणि तेवढ्यावर भागतं त्याचं. पहिले ६ महिने वरचं पाणी नकोच. चमचा चमचा करून ते इवलंसं पोट भरतं, मग बाळ कमी ओढतं, आणि बाळ जितकं ओढेल तितकंच दूध बनतं, म्हणजे पाणी देऊन आपणच दूध कमी करतो. वर उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की ते पाणी पोटाला बाधायची भीती आहेच.

मध तर १ वर्षाचं होईपर्यंत चाटवायचासुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली गुटीही नको, सहाण किती स्वच्छ असते ते आपल्याला माहितीये! डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र चालू ठेवा.

छाती मऊ लागणं या दिवसांत नॉर्मल आहे, दूध आता बाळाच्या मागणीप्रमाणे बनायला लागलेलं असतं. संध्याकाळी बरीच बाळं अशीच सारखी अंगावर मागतात, मागेल तितक्यांदा घ्या, रात्रीचं पाजणंही सोडू नका. दिवसरात्र मिळून ६ तरी लंगोट ओले होतात का बघा आणि अंगणवाडीत वजन करून घ्या, वजन वाढतंय तर दूध पुरतंय, बस्स.

मोरीचं म्हणाल तर आपल्याकडे बाळंतिणीला ती आवर्जून देतात खरी, पण मोरी म्हणजे शार्कच की हो, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून मी तरी टाळाच म्हणेन, पोटुशी असतानाही. त्यापेक्षा तारली, बांगडे, मांदेली खा, स्वस्त आणि चांगले. नुसत्या पेजेवर राहू नका, पाजणाऱ्या बाईला रोज ५००-६०० कॅलरी जास्त लागतात, तेव्हा नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, अळिवाचे लाडू, शेवग्याचा पाला, सगळं चालतं. आणि तो पाण्याचा तांब्या सासूबाईंना सांगा तुमच्या उशाशी ठेवायला, दर वेळी पाजायला बसलात की प्या.

लंगोट कमी ओले होत असतील, बाळ सुस्त वाटलं, ताप आला किंवा वजन अडलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.