अनोळखी गाण्यांचा ‘सिंग स्ट्रीट’

प्रश्न : माझी अकरावीतील मुलगी ‘सिंग स्ट्रीट’ हा आयरिश चित्रपट वारंवार पाहते. तिच्या आग्रहाखातर मीही तो पाहिला आणि मला तो आवडला. परंतु त्यातील बँडचे संदर्भ परके असल्यामुळे ती जिथे खळखळून हसते, तिथे मी नुसताच बसून राहतो. ते पॉप संगीत ठाऊक नसताना या चित्रपटाचा पुरेपूर आनंद घेता येईल का? शिवाय, पन्नाशीत अशा कोवळ्या प्रेमकथेत रमणे पोरकटपणाचे तर नाही ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरी शंका आधी निकालात काढू. जॉन कार्नी यांनी २०१६ साली हा चित्रपट आणला, तेव्हा ते स्वतः चाळिशी ओलांडलेले होते, आणि कथेतील डब्लिनच्या सिंज स्ट्रीटवरील शाळेत ते शिकलेले होते. तेव्हा पोरकटपणाचा आरोप असलाच, तर तो आधी दिग्दर्शकावर करावा लागेल.

आता गाण्यांविषयी. कथा १९८५ मधील आहे. शाळेसमोर उभ्या असलेल्या राफिनाशी ओळख व्हावी म्हणून पंधरा वर्षांचा कॉनर ‘आमच्या बँडच्या व्हिडिओत काम करशील का’ असे विचारतो, ती होकार देते, आणि मग त्याला बँड जमवावा लागतो. कारण तो अस्तित्वातच नसतो. मारलेली थाप निभावण्याच्या या धडपडीतच चित्रपटाचा बहुतेक विनोद आहे आणि तो समजण्यासाठी संगीताच्या इतिहासाची गरज नाही. मुलगी हसते ती जागा मात्र थोडी वेगळी असावी. मोठा भाऊ ब्रेंडन जी रेकॉर्ड ऐकवतो, तिचाच ठसा कॉनरच्या पुढच्या गाण्यावर उमटतो, आणि गाण्याबरोबर त्याचे केस, कपडे व चेहऱ्यावरची रंगरंगोटीही बदलते. डुरान डुरान या ब्रिटिश पॉप बँडच्या प्रभावाखाली भडक पोशाख करून गल्लीत व्हिडिओ चित्रित करणारी ही मुले ‘द क्युअर’ हा दुसरा ब्रिटिश बँड ऐकल्यावर एकदम उदास दिसू लागतात. म्हणून पुन्हा पाहण्यापूर्वी डुरान डुरानचे ‘रिओ’, द क्युअरचे ‘इन बिट्वीन डेज’ आणि हॉल अँड ओट्स या अमेरिकन जोडीचे ‘मॅनईटर’ एवढी तीनच गाणी ऐका. यांपैकी ‘मॅनईटर’चा ठेका मुलांच्या बँडच्या ‘ड्राइव्ह इट लाइक यू स्टोल इट’ या गाण्यामध्ये तुम्हाला लगेच सापडेल. मुलांची गाणी अस्सल त्या काळातली वाटतात, याचे श्रेय बऱ्याच अंशी गीतकार-संगीतकार गॅरी क्लार्क यांचे आहे. ते ऐंशीच्या दशकात ‘डॅनी विल्सन’ या स्कॉटिश बँडचे गायक होते.

माझ्या मते या चित्रपटाचा सर्वांत मोठा आनंद गाणे ऐकण्यात नसून ते तयार होताना पाहण्यात आहे. कॉनर आणि ससे पाळणारा, हाती येईल ते वाद्य वाजवणारा एमन घरी बसून एकेक ओळ जुळवतात, ती दृश्ये प्रेमप्रसंगांइतकीच कोवळी आहेत. शाळेच्या सभागृहातील चित्रीकरणाचा प्रसंगही नीट पाहा. प्रत्यक्षात तिथे मोजकी, अवघडलेली मुले आहेत. कॉनरच्या मनात मात्र सभागृह भरलेले आहे, राफिना आली आहे आणि आईवडील एकत्र नाचत आहेत. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला तेव्हा परवानगी नव्हती (१९८६ च्या सार्वमतात ती नाकारली गेली व १९९५ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने मिळाली), त्यामुळे मने तुटलेले हे जोडपे कायद्याने बांधलेलेच राहणार, हे लक्षात घेतले की त्या नाचातील वेदना अधिक जाणवते.

दोषही सांगायला हवेत. राफिनाच्या घरचे दुःख ओझरते उल्लेखून सोडले आहे, बँडमधील इतर मुलांना फारसा वाव नाही, आणि लंडनच्या ओढीने छोट्या होडीतून समुद्रात निघण्याचा शेवट मला जरा जास्तच स्वप्नाळू वाटला. याउलट, ब्रेंडन आपल्या वाया गेलेल्या उमेदीबद्दल धाकट्यावर चिडून बोलतो, तो प्रसंग संपूर्ण चित्रपटात सर्वांत खरा आहे, आणि पन्नाशीतील प्रेक्षकाला तो अकरावीतील मुलीपेक्षा अधिक भिडण्याची शक्यता आहे. डब्लिनच्या मुलांचे उच्चार भरभर आणि अपरिचित असल्यामुळे सबटायटल्स लावूनच पाहा. काही विनोद केवळ त्यामुळेच तुमच्या हातून निसटले असतील.