रसभरी: गळून पडेल तेच पिकलेलं फळ

या पंधरवड्यात रसभरीवर (केप गूजबेरी, कागदी कवचातलं आंबट-गोड फळ) बरेच प्रश्न आले, ते एकत्रच घेतो. विचारणारे सगळे टोमॅटो-वांगी केलेले कास्तकार आहेत, तेव्हा रोपवाटिका, गादीवाफा, ठिबक यात वेळ घालवत नाही.

प्रश्न (सेलू, जि. वर्धा): दहा गुंठ्यांत रसभरी आहे. पुढच्या रविवारी नागपूरची मंडळी हुरडा खायला आणि रसभरी तोडायला वावरात येणार आहेत. एकाच झाडावर हिरवी, पिवळी अशी सगळीच फळं आहेत. कृषी केंद्रवाला म्हणतो, इथेफॉन (फळ पिकवायचं औषध) मारा, तीन दिवसांत सगळा माल एकसारखा पिकतो. मारू का?

नाही. अर्ध्या मात्रेतही नाही, "फक्त वरच्या फांद्यांवर" म्हणूनही नाही.

भाऊ, फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत या पिकाला दोन ते अडीच महिने लागतात, आणि फूल तर सतत येतच राहतं. त्यामुळे झाडावर सगळ्या वयाची फळं दिसणारच. तो रोग नाही, पिकाचा स्वभाव आहे. औषध मारलं की कवच पिवळं पडतं आणि आपण फसतो. मागच्या हंगामात अशाच एका फवारलेल्या वावरात मी धुऱ्यावर (बांधावर) बसून कवचं सोलली. निम्म्याहून जास्त फळं देठाकडे हिरवी निघाली, चवीला तुरट. वरून बघाल तर सोनं! आणि कच्ची रसभरी नुसती बेचव असती तर एवढं बोललो नसतो. हे टोमॅटो-बटाट्याच्या कुळातलं झाड आहे. हिरव्या पडलेल्या बटाट्यात असतात तशी विषारी द्रव्यं हिरव्या रसभरीत असतात. पोट दुखतं, उलट्या-जुलाब होतात, आणि त्रास सगळ्यात आधी लेकरांना होतो. तुमच्या वावरात येणारी निम्मी मंडळी लेकरंच असतील.

मी प्रत्येक गावात सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: फळ तोडू नका, गळू द्या. दोन ओळींत सोयाबीनच्या कुटाराचं (भुशाचं) आच्छादन करा, त्यावर जुनं लुगडं किंवा शेडनेटचा तुकडा अंथरा. तोडणीच्या आदल्या दिवशी ठिबक बंद. सकाळी दव सुकलं की खोड हलक्या हातानं हलवा. जे गळेल ते तुमचं. कवच गवतासारखं फिकट, कागदासारखं कोरडं, आणि आतलं फळ शेंदरी हवं. पाहुण्यांना एकच खूण सांगा: हात लावताच सुटतं ते पिकलं, ओढावं लागतं ते कच्चं.

गोळा केलेला माल कवचासकट दुरडीत पातळ पसरून सावलीत तीन-चार दिवस ठेवा, गोडी आणखी वाढते. कोरड्या कवचात फळ कित्येक आठवडे टिकतं. ओलं कवच किंवा प्लॅस्टिकची पिशवी असेल तर दोन दिवसांत बुरशी. कवच सोलल्यावर फळाला चिकट लागतं, ते नैसर्गिक आहे, कोमट पाण्यात निघून जातं.

कार्बाईडचं नाव दोघांनी काढलं. फळ पिकवायला कार्बाईड वापरण्यावर कायद्यानं बंदी आहे. विषय संपला.

प्रश्न (काटोल, जि. नागपूर): कवचाला भोक, आत अळी. दुकानदारानं दोन कीटकनाशकं आणि एक टॉनिक एकत्र करून पंपाला दोन-दोन झाकणं मारायला सांगितली.

दादा, झाकण हे माप नाही. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. आणि तीन बाटल्या एका पंपात ओतायला सांगणारा माणूस तुमच्या पिकाचा विचार करत नाही, स्वतःच्या गल्ल्याचा करतो. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. कपाशीच्या वावरात गेली. मिश्रण कोणी सांगितलं तर हे वर्ष आठवा.

आधी लेबल वाचा. त्यावर पिकाचं नाव, मात्रा आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते छापलेलं असतं. रसभरीचं नाव नसेल, तर तोडणीला किती दिवस थांबायचं हे तुम्हाला कोण सांगणार? दुकानदार? आत शिरलेली अळी वरच्या फवाऱ्यानं मरत नाही, औषध मात्र कवचावर बसून राहतं. तेच कवच पाहुणा बोटांनी सोलतो आणि त्याच बोटांनी फळ तोंडात टाकतो. म्हणून तोडणी सुरू झाली की रासायनिक फवारणी बंद म्हणजे बंद.

भोक पडलेली कवचं वेचून खोल पुरा. घाटे अळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, पतंग दिसू लागले की निंबोळी अर्क 5 टक्के, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळ्यांचा. तोही संध्याकाळीच, कारण सकाळी फुलांवर मधमाशा असतात. टॉनिक नको. युरियाही नको. फूल लागल्यावर नत्र दिलंत तर झाड छातीएवढं होईल, हिरवंगार दिसेल आणि फळ शोधावं लागेल.

प्रश्न (हिंगणघाट): सोयाबीनमध्ये उगवते ती रान पोपटी आणि रसभरी एकच का? विकता येईल का?

एकाच गोत्रातली, पण एक नाही. सोयाबीनमधली पोपटी खाऊ नका, विकू तर नकाच. त्यावर तणनाशक गेलेलं असतं. धुऱ्यावरच्या आस्कंदाला, म्हणजे ढोरगुंजीलाही असंच कवच असतं, आत लाल फळ. लेकरांना ते हातात धरून दाखवा आणि "हे नाही" म्हणून सांगा.

प्रश्न (बचत गटातल्या ताई, जि. अमरावती): जॅम घट्ट होत नाही. दुकानातून पावडर आणि रंग घ्यायचा का?

दोन्ही नको, ताई. रसभरीत पेक्टिन भरपूर असतं. तुमचं बहुतेक पाणी घालून चुकतंय. एक किलो सोललेली, पूर्ण पिकलेली फळं अर्धी चिरून स्टीलच्या गंजात (पातेल्यात) मंद आचेवर ठेवा, पाण्याचा थेंब घालू नका. फळं फुटून रस सुटला की 700 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, फळ आंबट आहे. थंड ताटलीवर थेंब टाकून बोटानं सरकवा. सुरकुती पडली की उतरवा, उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत गरमच भरा. त्यापुढे आटवला तर खडा होतो.

चटणी त्याहून सोपी: मोहरी-हिंगाची फोडणी, तीन हिरव्या मिरच्या, पाव किलो रसभरी, गूळ, मीठ, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड. ज्वारीच्या भाकरीबरोबर मला जॅमपेक्षा हीच आवडते. वरणात चिंचेऐवजी चार फळं ठेचून टाकून बघा.

अनुदानाचं थोडक्यात: केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (पीएमएफएमई) वैयक्तिक उद्योगाला बँक कर्जाशी जोडून प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये असं होतं. योजना अजून सुरू आहे का, मुदत आणि निधी किती, हे जिल्हा संसाधन व्यक्तीला (योजनेत अर्जाला मदत करणारा माणूस) विचारूनच यंत्राचं कोटेशन घ्या. विकायचं असेल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागतेच.

शेवटचं, "विदेशी हायब्रीड" रोपांबद्दल चौघांनी विचारलं. महाग रोप घेऊ नका. स्वतःच्या वावरातल्या निरोगी झाडांची, आपोआप गळलेली मोठी फळं घ्या, पाण्यात कुस्करून एक रात्र ठेवा, सकाळी चाळणीत धुऊन सावलीत वाळवा. पानांवर चट्टे किंवा चुरडा (पानं आकसणं) असलेल्या झाडाचं बी धरू नका. कागदाच्या पुडीत बांधून तारीख लिहा, जूनमध्ये गादीवाफ्यावर टाका.