वाचकांचे प्रश्न : फिकीर आणि ‘पिकिर’

प्रश्न : इंडोनेशियन शिकताना ‘आकाल’ आणि ‘पिकिर’ हे शब्द भेटले. हे आपले अक्कल आणि फिकीरच ना? मग मराठी अर्थानेच वापरावेत का?

उत्तर : मूळ एकच, अरबी ‘अक़्ल’ आणि ‘फ़िक्र’. पण फ़िक्र म्हणजे विचार. इंडोनेशियनने तो अर्थ जपला, मराठीत मात्र त्याची काळजी झाली. ‘फिकीर करू नका’ या अर्थाने ‘जांगान पिकिर’ म्हणालात तर समोरच्याला ‘विचार करू नका’ असे ऐकू येईल. म्हणायचे ‘जांगान खावातिर’. हा खावातिर म्हणजे अरबी ‘ख़ातिर’चे अनेकवचन, मनात येणारे विचार. तिकडे या विचारांची काळजी झाली आणि इकडे त्याच ख़ातिरपासून आपली खात्री आणि खातरजमा आली! एका घरातल्या शब्दांनी इतक्या उलट दिशा धराव्यात, हे फार सुंदर आहे.

‘आकाल’ म्हणजे बुद्धी, तशीच क्लृप्तीही. ‘मासुक आकाल’ म्हणजे बुद्धीला पटणारे. ‘मेंगाकाली’ म्हणजे मात्र चकवणे, फसवणे. ‘नाफ्सू’ जपून वापरा. अरबी ‘नफ़्स’ म्हणजे स्वत्व, जीव. इथे त्याचा अर्थ इच्छा. ‘नाफ्सू माकान’ ही साधी जेवणावरची वासना, पण नुसता ‘नाफ्सू’ कामवासनेकडे झुकतो.

प्रश्न : ‘मेमिकिरकान’ शब्दकोशात सापडत नाही.

उत्तर : कोशात मूळ शब्दाखाली पाहायचे. शेवटचा ‘कान’ आणि सुरुवातीचा ‘मे’ काढा, ‘मिकिर’ उरते. हा उपसर्ग लागताना मूळचा ‘प’ गळून ‘म’ येतो, म्हणून ‘प’ परत बसवा : पिकिर. ‘मेमाहामी’ही तसेच, शेवटी ‘ई’ काढून ‘पाहाम’ मिळते, अरबी ‘फ़हम’, समजणे.

अरबी जाणणारे इथेच चुकतात. ते ‘फ’खाली शोधतात, किंवा ‘मेम्फिकिरकान’ लिहितात. इंडोनेशियन प्रमाण रूप ‘पिकिर’च आहे, ‘फिकिर’ मलेशियात लिहितात. ज्या शब्दांत ‘फ’ टिकला तो गळत नाही : फित्नाह (बदनामी), मेम्फित्नाह. ‘ख’ही टिकतो : खायाल, मेंगखायाल (कल्पनेत रमणे).

जुनी इंडोनेशियन पुस्तके वाचत असाल तर १९७२ ची लेखनसुधारणा ध्यानात ठेवा. त्याआधी ‘ख’ हा सी-एच या अक्षरांनी आणि ‘य’ हा जे या अक्षराने लिहीत. त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेला ‘खायाल’ पाहून ‘चाजाल’ वाचाल आणि कोशात भलतीकडेच शोधत बसाल.