वाडा जळला, पण नाव कुणाचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोसायटीतली आणि कॉलेजातली मिळून पंचवीस-तीस मुलं माझ्या सर्व्हरवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधकाम करायचा खेळ खेळतात. सुट्टीत आम्ही शनिवारवाडा बांधला. तट दगडी, आतले चौक आणि दिवाणखाने लाकडी. दोन आठवड्यांपूर्वी रात्री कुणीतरी आत लाव्हा ओतला. तट आणि दिल्ली दरवाजा उभा आहे, आतलं सगळं खाक. कुणी काय बांधलं-फोडलं याची नोंद ठेवणाऱ्या कोअरप्रोटेक्टमध्ये नाव निघालं ते मित्राच्या धाकट्या भावाचं. तो आठवीत आहे. त्याच्याकडे हिरेही खूप असतात, त्यामुळे तो एक्स-रे (दगडाआडची खनिजं दाखवणारी लबाडी) लावतो असं सगळे म्हणतात. मी त्याला सगळ्यांसमोर बॅन केलं, आयपीसकट, म्हणजे त्याच्या इंटरनेट पत्त्यासकट. तर सोसायटीतले आणखी तिघं बाहेर फेकले गेले. बऱ्याच जणांकडे विकतचं अकाउंट नाही, म्हणून ऑनलाइन मोड बंद ठेवलाय. मित्र आता माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : वाडा जळल्याचं वाचून वाईट वाटलं. खरा वाडाही १८२८च्या आगीत असाच गेला. लाकूडकाम जळालं, तट आणि दरवाजे राहिले. पण तुझ्या पत्रात मी अडले ते ऑनलाइन मोडपाशी.

तो मोड चालू असला की येणारा खेळाडू खरंच त्या अकाउंटचा मालक आहे का, हे सर्व्हर खेळाच्या कंपनीकडून पडताळून घेतो. बंद असला की कुणीही कुठलंही नाव टाईप करून आत येतो. वर खेळाडूचा ओळखक्रमांकही तेव्हा नावावरूनच तयार होतो, म्हणजे त्याचाही आधार नाही. कोअरप्रोटेक्टनं तुला एवढंच सांगितलं की हे नाव लावून आलेल्या कुणीतरी लाव्हा ओतला. तो आठवीतला मुलगाच होता, हे त्यात कुठेच नाही.

माझ्या हातून हेच झालंय. २०२०च्या लॉकडाउनमध्ये भाच्यासाठी आणि त्याच्या मित्रांसाठी मी सदाशिव पेठेतल्या घरून सर्व्हर चालवत होते, असाच मोड बंद ठेवून. एका मुलीनं बांधलेलं ग्रंथालय कुणीतरी पाडलं. नोंदीत सहावीतल्या एका मुलाचं नाव होतं. “मावशी, मी नव्हतो, मी तेव्हा जेवत होतो,” असं तो म्हणाला. मी ऐकलं नाही. तीन आठवड्यांनी भाचा माझ्या शेजारी बसून गणितं सोडवत होता आणि सर्व्हरवर त्याच्याच नावानं कुणीतरी भिंत फोडत होतं. मी त्या मुलाच्या आईला फोन केला, त्याची माफी मागितली. तो परत आला, पण त्यानं पुन्हा काही बांधलं नाही. ते मला अजून लागतं.

म्हणून आता असं कर. सर्व्हरच्या लॉग्ज फोल्डरमध्ये जुन्या दिवसांच्या फायली तारखेनं साठवलेल्या असतात. त्या रात्रीची फाईल उघड. प्रत्येक लॉगिनच्या ओळीत नावाशेजारी आयपी पत्ता असतो. तो त्या मुलाच्या इतर दिवसांच्या पत्त्यांशी ताडून बघ, आणि बाकीच्यांच्याही. तोच पत्ता दुसऱ्या कुणाच्या नावापुढे दिसला तर विचार करायला जागा आहे. मात्र तो सोसायटीतलाच निघाला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तुझ्या एका आयपी बॅननं चौघं बाहेर गेले. आपल्याकडे इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात. मोबाइल डेटावर तर सर्रास. माणसाला रोखायला आयपी बॅन वापरू नकोस.

आणखी एक. जळलेल्या लाकडावर तपासणी केलीस तर नोंदीत बहुधा माणसाऐवजी आगीचंच नाव येईल. लाव्हाची पहिली बादली कुठे ओतली गेली ती जागा शोध, आणि तिची वेळ लॉगिनच्या वेळेशी जुळव.

हिऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते यात मिसळू नकोस. पेटीतले हिरे मोजून काही कळत नाही. फॉर्च्यून तीनची, म्हणजे जास्त खनिज पाडणारी जादू लावलेली कुदळ असेल तर एका खनिजातून चारपर्यंत हिरे पडतात, आणि खेळाच्या १.१८ आवृत्तीपासून जितकं खोल जावं तितके ते जास्त मिळतात. तळाशी रोज तासभर खणणारा मुलगा श्रीमंतच असणार. त्यानं खणलेले बोगदे स्वतः चालून बघ. एक्स-रेवाल्याचा बोगदा आंधळ्या दगडात मधेच काटकोनात वळतो आणि नेमका हिऱ्यावर जाऊन थांबतो, तिथून पुन्हा दुसऱ्या हिऱ्याकडे. प्रामाणिक खाणकाम सरळ रांगांचं असतं आणि त्यात रिकामे हेलपाटेच जास्त. मुळात एक्स-रे चालतो तो सर्व्हर दगडाआडचं सगळं खेळाडूच्या मशीनला पाठवतो म्हणून. तुझा सर्व्हर पेपर या सॉफ्टवेअरवर असेल तर त्यात अँटी-एक्सरे आहे, पण ते आपण होऊन चालू नसतं. सेटिंगमध्ये जाऊन चालू कर. मग दगडानं चहूबाजूंनी झाकलेली खनिजं पाठवलीच जात नाहीत.

वाडा परत आणता येईल. कोअरप्रोटेक्टमध्ये वेळ आणि अंतर देऊन रोलबॅक कर, म्हणजे तेवढे बदल उलटव, पण आधी पूर्ण बॅकअप घे. तेवढ्या वेळात आसपास दुसऱ्या कुणी केलेलं कामही त्यात मागे जातं, म्हणून मुलांना आधी सांग. आग पसरण्याचा गेमरूल (खेळाचा नियम) बंद कर आणि ठरलेल्या नावांनाच आत घेणारी व्हाइटलिस्ट लाव. अकाउंट विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, हे मला समजतं. मग निदान पासवर्ड मागणारं प्लगइन तरी बसव, आणि प्रत्येकाला तो घरी बसून एकट्यानं टाकायला सांग.

ही तपासणी होईपर्यंत त्या मुलाचा बॅन आजच उठव, आणि का उठवला ते चॅटमध्ये सगळ्यांना दिसेल असं लिही, कारण बॅनही सगळ्यांसमोरच झाला होता. मित्राच्या घरी मात्र मेसेज नको, स्वतः जा. धाकट्याशीही बोल, आणि त्या रात्री तो कुठे होता हे विचारायच्या आधी वाड्यातला कुठला चौक त्यानं बांधला होता ते विचार.