सुताचा पीळ आणि डीएनएचा पीळ

सोलापूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पेशींचं चित्र दोन दिवस उघडून बसलोय. उजेड सुरेख पडलाय. पण डीएनएचा पीळ उलटा आहे. मजकुराला जागा व्हावी म्हणून रेंडर झाल्यावर, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र काढल्यावर, ते फ्लिप केलंस ना? मीही एका पोस्टरवर हेच केलं होतं, आणि ते छापून भिंतीवर लागल्यावर माझ्या लक्षात आलं. फार लागलं होतं मनाला, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे डबलिंगचं सूत कुठेही मिळेल. दुपेडी धागा घे, उभा धर आणि समोरचा पेड वर चढताना कुठे झुकतो ते बघ. पेशीतल्या नेहमीच्या डीएनएत तो उजवीकडेच चढतो. एका वेढ्यात दोन पेडांना जोडणाऱ्या बेसच्या साधारण साडेदहा जोड्या, वेढ्याची उंची सुमारे ३.५ नॅनोमीटर. शेजारच्या दोन खोबणींपैकी एक रुंद, एक अरुंद. तुझ्या चित्रात दोन्ही सारख्याच झाल्यात, तेही बघ. आता धागा उलटा कर, खालचं टोक वर. पीळ तसाच राहतो. आरशासमोर धरलास की मात्र बदलतो. फ्लिप म्हणजे तो आरसा.

तुझ्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे आठ रेणू निळ्या पोकळीत तरंगतायत. एका पेशीत ते सुमारे २७ कोटी असतात! गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर संध्याकाळी कसं असतं? हात वर करायला जागा नसते. आतही तसंच, आणि त्या दाटीतूनच ऑक्सिजनला वाट काढावी लागते. डेव्हिड गुडसेल जलरंगात पेशी रंगवतात, ती गर्दी एकदा निवांत बघ. आधी सगळी गर्दी भर, मग जो रेणू दाखवायचा तो सोडून बाकीचे फिके कर. गर्दी पुसून टाकू नकोस.

आणखी एक. खाली तू 'ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन' लिहिलंयस, पण प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून, घेतलेली रचना ४एचएचबी या संकेताची आहे. ती ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनची. तुला १एचएचओ हवी. कायमेराएक्स या रेणू बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडून एकमेकांवर ठेव. चार साखळ्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या तुलनेत कशा वळतात ते स्वतः फिरवून बघ. माझा अख्खा रविवार त्यात गेला होता.

रंगांची फार काळजी करू नकोस. अणूला रंग नसतोच, ऑक्सिजन लाल हा नुसता रिवाज. पण प्रथिनाच्या आकाराचा अंदाज करणाऱ्या अल्फाफोल्ड प्रणालीच्या अंदाजातले नारिंगी भाग ठाम आकार असल्यासारखे दाखवू नकोस. तिथे संगणकालाच खात्री नसते, आणि पुष्कळदा त्या भागाला स्थिर आकार नसतोही.

ब्लेंडरची, म्हणजे त्या त्रिमितीय चित्राच्या सॉफ्टवेअरची, मूळ फाईल असेल तर पुन्हा रेंडर कर आणि मजकूर डावीकडे घे. गुरुवारपर्यंत पाठवलंस तर छपाईआधी एकदा बघून देईन.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझे सर