'लाइट शीट'ला मराठीत काय म्हणावं?

विज्ञानलेखांचं भाषांतर करणाऱ्या एकांनी विचारलंय: 'लाइट शीट मायक्रोस्कोपी'ला 'प्रकाश-चादर सूक्ष्मदर्शन' म्हटलं तर चालेल का?

चादर नको. चादर पांघरतात, वाचकाला वाटेल, नमुन्यावर वरून प्रकाश पसरलाय. प्रत्यक्षात लेसरचा झोत दंडगोलाकार भिंगातून नेऊन चपटा करतात, जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा. तो बाजूने नमुन्यात शिरतो आणि बघायचं भिंग त्याच्याशी काटकोनात असतं. त्यामुळे ज्या थराचं चित्र घ्यायचं तेवढाच उजळतो. कवडशातले धूलिकण बाजूने पाहिले की चमकतात, तसंच. झीडेनटोप्फ आणि झिग्मोंडी या शास्त्रज्ञांनी १९०३च्या सुमारास याच युक्तीने काचेतले सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाहिले होते.

'पडदा' तर मुळीच नको, पडदा प्रकाश अडवतो. 'प्रकाशपट' कानाला बरा, पण चित्रपटामुळे वाचक थिएटरात पोचायचा. 'प्रतल' शास्त्रशुद्ध वाटतं खरं, पण भूमितीतल्या प्रतलाला जाडी नसते आणि इथे सगळी झटापट जाडीशीच आहे: झोत जितका पातळ करावा तितक्या कमी अंतरापर्यंत तो पातळ राहतो, पुढे फाकतो. म्हणून माझं मत 'पापुद्र्या'ला. 'प्रकाश-पापुद्रा सूक्ष्मदर्शन' हे प्रथमदर्शनी हसू आणेल, आणू दे. नमुना सरकवत एकेक पापुद्रा टिपायचा आणि ते रचून त्रिमिती चित्र करायचं, हे त्या शब्दात आपोआप येतं. पहिल्या उल्लेखात हे वापरा, पुढे खुशाल 'लाइट शीट' लिहा. प्रयोगशाळेत मराठी मुलंही तेच म्हणतात.

एक सापळा मात्र सांभाळा. हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या हुइस्केन, स्टेल्झर प्रभृतींनी २००४ साली मेडाका मासा आणि फळमाशीचे भ्रूण याच पद्धतीने दाखवले, तेव्हा तिला 'सिलेक्टिव्ह प्लेन इल्युमिनेशन' म्हटलं. इथे 'इल्युमिनेशन'चं 'प्रकाशन' केलंत तर पुस्तक छापल्यासारखं होईल; 'प्रदीपन' लिहा. आणि या नावात 'प्लेन' आहे, तेव्हा तिथे 'प्रतल' हवंच.

जाता जाता, 'फोटोब्लीचिंग'ला, म्हणजे प्रकाश पडून पडून नमुन्यातलं चमकणारं रंगद्रव्य निकामी होण्याला, 'प्रकाशविरंजन' लिहिलेलं दिसतं. विरंजन म्हटलं की विरंजक चूर्ण आठवतं. कॉन्फोकल या दुसऱ्या प्रकारच्या सूक्ष्मदर्शकात एका थरासाठी वरचे-खालचे थरही उजळतात आणि हे रंगद्रव्य फुकट खर्ची पडतं. पापुद्र्याने ते वाचतं. याला साधं 'रंग विटणं' का म्हणू नये?