पोटखराब जमीन आणि कपाटातली वही

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के मिळाले, ‘नीट’ मात्र गेली. वर्षभर रिपीट करायचं आम्ही ठरवलंय, ती तयार नाही. तिला म्हणे माळरानं, गवत आणि त्या जमिनीचं पुढं काय होतं यावर शिकायचंय. गवतात कसलं करिअर? पर्यावरणच हवं तर फॉरेस्ट ऑफिसर हो म्हटलं, तर गप्प बसते. दिवसभर माळावर हिंडून गवतांची नावं लिहीत बसायची, म्हणून वही काढून कपाटात ठेवली आहे. तिला समजवा.
– एक पालक, उत्तर सोलापूर तालुका

नमस्कार. ६८ टक्क्यांची मला काळजी नाही. त्या वहीची आहे. परीक्षा नाही, मार्क नाहीत, कुणी सांगितलेलंही नाही, तरी तुमच्या भागातल्या उन्हात हिंडून मुलगी नोंदी ठेवते आणि तुम्ही ती वही कपाटात ठेवता! ‘आम्ही ठरवलंय’ असं लिहिलंत, त्या ‘आम्ही’त ती कुठं आहे? ती गप्प बसते, कारण बोलून उपयोग नाही हे तिला कळून चुकलंय. हीच गप्प मुलगी वर्षभर क्लासच्या बाकावर बसेल. अशी वर्षं मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत, त्यामुळं तिला समजवायचं काम मी करणार नाही. तुमच्याशीच बोलतो.

झाडं असली तर जंगल, नसली तर पडीक, हा समज फक्त तुमचा नाही. सातबाऱ्यावर लागवडीला न येणारी जमीन ‘पोटखराब’ म्हणून लागते. पीक नाही म्हणून आकारणी नाही, महसुलाच्या हिशेबात ते ठीकच. पण केंद्राच्या वेस्टलँड ॲटलासमध्येही झुडपी माळ ओसाड जमिनीत मोजले जातात, आणि ओसाड म्हटलं की तिथं काहीतरी ‘करायला’ हवं असं वाटू लागतं. मग माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी बाहेरून आलेली झाडं लावली जातात. उन्हावर पोसलेलं गवत त्या सावलीत मागं पडतं. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे, १९७९ सालचं. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो, झाडांची दाटी नाही. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांचा संसारही त्याच गवतावर, आणि धनगरांच्या मेंढ्यांचाही. कुठला माळ तसाच राखायचा, कुठं चराई चालू ठेवायची, कुठं सौर प्रकल्पाला जागा द्यायची, हे ठरवताना गवतांतली कुसळी कुठली नि पवन्या कुठला हे ओळखणारं माणूस टेबलाशी हवं. अशी माणसं फार थोडी आहेत. तुमची मुलगी त्या वाटेवर आधीच चालू लागली आहे.

फॉरेस्ट ऑफिसरची दारं बंद होत नाहीत : वनस्पतिशास्त्राची पदवी यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला चालते, एमपीएससीच्या वनसेवेलाही. वनविद्येची पदवी हवी असेल तर सीईटी देऊन दापोली किंवा अकोला. माझं मत विचाराल तर सोलापुरातच वनस्पतिशास्त्रात बीएस्सी करू द्या, जोडीला जीआयएस, म्हणजे संगणकावर जमिनीचे नकाशे वाचायला नि करायला शिकू द्या. १९८०चा वनसंवर्धन कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा तिनं आतापासून वाचायला घ्यावा, धोरणाचं काम त्याशिवाय होत नाही. पुढं एमएस्सीसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. तिथं जागा मोजक्या, चुरस मोठी.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. सुरुवातीची कामं बहुतेक प्रकल्पांवरची, ठरावीक मुदतीची, पगार बेताचा. घरी बसून हे तिच्याशी मोकळेपणानं बोला. तिचा हिशेब काय आहे तेही विचारा, कदाचित तिनं तुमच्याआधी केलेला असेल.

आणि वही आजच परत द्या. प्रवेशाच्या आधी जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना ती दाखवायला घेऊन जा. तुम्हीही बरोबर जा, पण बोलू तिला द्या.